पावती नसलेली वर्गणी

गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात आली की आपण काय करतो? अकरा रुपये देऊ की एकावन्न, यावर दोन मिनिटं घासाघीस करतो आणि मग म्हणतो, ‘पावती फाड बाबा.’ पावती हवीच. देवाच्या नावाने मागितलेल्या पैशालाही आपण पावती मागतो. गावाच्या निवडणुकीत मात्र लाखोंची वर्गणी गोळा होते आणि तिची पावती कुणी फाडत नाही, कुणी मागतही नाही. देणारा गप्प, घेणारा गप्प. पुढे पाच वर्षं ही वर्गणी वसूल होत राहते, तेव्हाही सगळे गप्पच.

आज मला या वर्गणीबद्दल बोलायचंय. राजकारण आलं की पुरवणीचं पान उलटायचं, असं करू नका मैत्रिणींनो. हा विषय शेवटी आपल्या नळाशी, मुलांच्या शाळेच्या वाटेशी आणि डोक्यावरच्या छपराशी येऊन थांबतो.

त्यासाठी आधी वळला जाऊ. वळ म्हणजे भिवंडी तालुक्यातलं मुंबई-नाशिक महामार्गाजवळचं गाव. आसपास मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ. एकेकाळी ही सगळी भातशेतीची गावं. आज या रस्त्याने गेलात तर भाताचं खाचर शोधावं लागतं. पत्र्याच्या उंच छपरांची गोदामं, एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं. त्यांना ‘कंपाउंड’ म्हणतात. ट्रकांच्या रांगा तर संपतच नाहीत. आपण मोबाइलवर बोट दाबून साडी, कुकर, डायपर मागवतो. त्यातलं कितीतरी सामान आपल्या दारी येण्याआधी याच पट्ट्यात कुठेतरी मुक्काम करून आलेलं असतं.

ही गोदामं इथे का आली? मुंबईत जकात होती. माल शहराच्या हद्दीत आला की जकात भरा. मग व्यापाऱ्यांनी सोपा हिशेब केला. माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. भिवंडी शहराला लागून असलेली ही गावं ग्रामपंचायतीची. त्यांना ना मुंबईची जकात, ना भिवंडीची. वर महामार्ग जवळ, बंदर जवळ, जमीन मुंबईच्या मानाने स्वस्त. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा काहींना वाटलं, आता गोदामं जातील. ती गेली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीने वाढलीच.

आता यात ग्रामपंचायत कुठे येते? प्रत्येक पायरीवर येते. गोदाम उभं करायचं तर ना-हरकत दाखला हवा. उभं राहिलं की घर नंबर हवा, घरपट्टीची नोंद हवी. पाण्याची जोडणी हवी, गटार हवं, आतपर्यंत रस्ता हवा. खाचरात भराव टाकायचा तर शेजारच्याचा पाण्याचा निचरा बंद होतो, त्याने तक्रार करू नये हेही हवं. कागदावर बघाल तर बांधकामाची मुख्य परवानगी आता पंचायतीच्या हातात नाही. भिवंडीभोवतालच्या पन्नासहून अधिक गावांसाठी २००७ साली एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. नकाशा त्यांनी मंजूर करायचा. पण अधिकार वर गेला तरी गाव जागेवरच राहिलं. एमएमआरडीएचा साहेब रोज वळला येत नाही. पाया खणला जातोय हे पहिल्यांदा दिसतं ते सरपंचाला, सदस्याला, ग्रामसेवकाला. ‘दिसलं’ म्हणायचं की ‘दिसलं नाही’ म्हणायचं, हीदेखील सत्ताच आहे. माझ्या मते या पट्ट्यातली सगळ्यात महाग सत्ता तीच. दाखल्यावर निदान सही तरी लागते. काणाडोळा करायला तीही लागत नाही.

म्हणून मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला एवढा भाव. सात, नऊ, अकरा, फार तर सतरा सदस्यांची पंचायत. मानधन नावापुरतं. तरी निवडणूक लागली की गावाचा रंग बदलतो. क्रिकेटचे सामने होतात, बक्षिसं डोळे दिपवणारी. हळदीकुंकवाला भांडी, साड्या, पैठणीचे खेळ. देवदर्शनाच्या बसगाड्या सुटतात. एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार नेमका त्याच वर्षी निघतो. हे काही एकट्या भिवंडीचं नाही. तुम्ही साताऱ्याच्या असा, जळगावच्या असा, तुमच्या डोळ्यांसमोर तुमचं गाव आलं असेलच.

आता नियमाकडे बघू. राज्य निवडणूक आयोगाने २०१७ साली खर्चाची मर्यादा ठरवून दिली होती. सात ते नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २५ हजार रुपये, अकरा ते तेराच्या पंचायतीत ३५ हजार आणि पंधरा ते सतराच्या पंचायतीत ५० हजार. थेट सरपंचपदासाठी त्याच क्रमाने ५० हजार, १ लाख आणि पावणेदोन लाख. निवडणूक झाली की ठरलेल्या मुदतीत हिशेब द्यायचा, नाही दिला तर अपात्र ठरवता येतं. त्याप्रमाणे अपात्रतेचे आदेश निघतातही. पण ते बहुतेक हिशेब न दिल्याबद्दल. हिशेब दिला आणि तो खोटा आहे, असं म्हणत कोण पुढे येणार? एवढ्याशा पैशांत मुलाचा वाढदिवस होत नाही, तिथे अख्ख्या प्रभागाचा प्रचार झाला असं लिहिलेला कागद तहसीलच्या कपाटात जाऊन बसतो.

यातली खरी मेख वेगळीच आहे. आमदारकी-खासदारकीच्या निवडणुकीत पक्ष असतात. पक्षांना २० हजारांवरच्या देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. निवडणूक रोख्यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. कुणी कुणाला दिलं हे लपवणारी ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केली. देणगीदारांची नावं जाहीर झाली, वर्तमानपत्रांची पानं भरली, कुठल्या कंपनीने देणगी दिली आणि तिला कुठलं कंत्राट मिळालं याची जुळवाजुळव लोक करू लागले. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. पैसा कुणाकडून आला हे मतदाराला कळायला हवं, कारण पैसा देणारा निर्णयावर वजन टाकू शकतो.

मग हेच तत्त्व गावाला का नाही? ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावात भांडणं नकोत, पक्षांची फूट नको, म्हणून कायद्याने हे चांगल्या हेतूनेच ठरवलं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की देणगीची जबाबदारी घेणारं कुणी उरलंच नाही. तिथे असतं ‘पॅनेल’. पॅनेलचं बँकेत खातं नसतं, कार्यालय नसतं, हिशेबनीस नसतो. निकालाच्या गुलालाबरोबर पॅनेलही उडून जातं. देणाऱ्याचं नाव तेवढं घेणाऱ्याच्या मनात पक्कं कोरलेलं राहतं.

देणारे कोण असतात? गोदामाचा मालक स्वतः क्वचितच येतो. येतो तो जमिनीचा दलाल, भरावाचा ठेकेदार, विटा-रेती पुरवणारा, मजूर पुरवणारा, ट्रान्सपोर्टवाला. ही सगळी गावातलीच किंवा शेजारच्या गावातली माणसं. कुणाचा मामा, कुणाचा मेहुणा. त्यामुळे पैसे घेताना लाच घेतल्यासारखं वाटतच नाही. ‘आपल्याच माणसाने मदत केली’ असं वाटतं. आणि मदतीची परतफेड करणं हा तर आपला संस्कार! मला वाटतं, या व्यवहाराची खरी ताकद इथेच आहे. तो चोरीसारखा दिसत नाही, तो नात्यासारखा दिसतो.

कायदा या नात्यापाशी येऊन अडतो. ग्रामपंचायत अधिनियमात एक चांगली तरतूद आहे. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्या सदस्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, तो अपात्र ठरतो. पण समजा, गटाराचं कंत्राट सदस्याला मिळालं नाही. ज्याने त्याच्या प्रचाराच्या जेवणावळी उठवल्या, त्याला मिळालं. मग? तो हितसंबंध कुठल्या रकान्यात लिहायचा?

पैसा उघडपणे बोलला तेव्हा काय झालं, याचंही एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. या दोन गावांत सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा देवळासाठी, असं सांगितलं गेलं. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने या दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. मला त्यातलं आश्चर्य लिलावाचं वाटलं नाही. लिलाव चारचौघांत झाला, त्याचे व्हिडिओ निघाले, म्हणून तो सापडला. तोच सौदा बंद खोलीत झाला असता तर त्याला ‘बिनविरोध निवड’ म्हणून गावाचं कौतुक झालं असतं. आणि दुसरी गोष्ट. दोन कोटी देणारा माणूस देवभक्त असेलही, पण दोन कोटी कुठून तरी परत यायचे असतात, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं.

आता जरा दुसरी बाजूही बघू, नाहीतर चित्र एकांगी होईल. गोदामांनी या गावांना काहीच दिलं नाही असं नाही. पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला भाड्याचं बांधलेलं उत्पन्न मिळालं. मुलं शिकली, पक्की घरं झाली. पंचायतीला घरपट्टी मिळते, त्यातून दिवे लागतात, शाळेला खोल्या होतात. गोदामांत माल निवडायला, पॅक करायला बायकांना काम मिळतं. या पट्ट्यातल्या बेकायदा गोदामांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, कारवाईचे आदेश निघाले, पाडकाम सुरू झालं. तेव्हा ‘आमच्या जमिनीवर आम्ही उभं केलंय, ते नियमित करा’ अशी मागणी भूमिपुत्रांनी केली. तीही समजून घ्यावी लागते. परवानगीची वाट इतकी लांब आणि किचकट ठेवायची की माणूस आडवाटेनेच जाईल, यात सरकारचाही दोष आहे.

आपलं म्हणणं सरकारदरबारी मांडणं हा गुन्हा नाही. मोर्चा काढा, निवेदन द्या, शिष्टमंडळ घेऊन जा. व्यापाऱ्याने रस्ता मागावा, शेतकऱ्याने भाव मागावा, बाईने पाणी मागावं. सगळ्यांनी आपापल्या मागण्यांसाठी वजन टाकावं, लोकशाही म्हणतात ती हीच. प्रश्न एवढाच, की हे वजन सगळ्यांसमोर टाकलं जातं की मागच्या दाराने? ग्रामसभेत उभं राहून मागितलं तर ती मागणी असते, कारण तिला दुसरा कुणी उठून विरोध करू शकतो. निवडणुकीआधी पाकिटात घालून मागितलं की विरोध करणाऱ्याला ती मागणी ऐकूच येत नाही.

ऐकू येते ती फार उशिरा. २९ एप्रिल २०२३, शनिवार. मानकोलीजवळ वळपाडा इथल्या वर्धमान कंपाउंडमधली तीन मजली इमारत दुपारी कोसळली. खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं. कुणी कामावर होतं, कुणी घरात. ढिगारा उपसायला दोन दिवस लागले. आठ जण गेले. मालकावर गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली, मुख्यमंत्री येऊन गेले, मदत जाहीर झाली. इमारत काही फार जुनी नव्हती. त्याआधी २०२० च्या सप्टेंबरमध्ये भिवंडी शहरात जिलानी इमारत पहाटे कोसळून चाळीसच्या आसपास माणसं मेली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती.

या दोन इमारतींच्या मागे कुणाची वर्गणी होती, असं मी म्हणत नाहीये. तसा आरोप करायला पुरावा लागतो. माझं म्हणणं वेगळं आहे. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया, स्लॅब, मजल्यावर मजला, गच्चीवर काय चढतंय, खाली किती माल भरलाय, हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर चाललेलं असतं. ज्या व्यवस्थेत बघणाऱ्याला न बघण्याचे पैसे मिळू शकतात, तिथे वर राहणाऱ्या बाईचं रक्षण कुणी करायचं? तिला तर हेही माहीत नसतं की घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. कित्येक कुटुंबं ती पावती दाखवून सांगतात, ‘आमचं सगळं कायदेशीर आहे हो.’ पंचायत अनधिकृत बांधकामालाही कर लावते. कर भरला म्हणून ते अधिकृत होत नाही. पावती खरी असते, घर मात्र कागदावर नसतंच.

आणि आता आपल्या, म्हणजे बायकांच्या मुद्द्याकडे येते. तुम्ही म्हणाल, पंचायतीत निम्म्या तर आपणच आहोत. खरंय. १९९३ पासून एक तृतीयांश जागा आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. बचत गटाच्या कामानिमित्त माझं गावागावांतून जाणं होतं. तालुक्याचं नाव सांगत नाही, पण एका गावात पंचायत सदस्य असलेली बाई मला म्हणाली, ‘ताई, सही माझी असते. पण कागद घरीच वाचून झालेला असतो.’ तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजी महाग झाली असं सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, निवडणुकीचा खर्च कुणी केला? म्हणाली, ‘ते ह्यांना ठाऊक. मला म्हणाले, तू फक्त फॉर्मवर सही कर आणि डोक्यावर पदर घेऊन फिर.’

बघा, इथे गंमत कशी आहे. खर्च ‘ह्यांनी’ उभा केला, म्हणजे शब्द ‘ह्यांनी’ दिला. मग फेडणारेही ‘हे’च. बाईची जागा राखीव झाली, पण उधारी पुरुषांच्या नावावर राहिली. ‘सरपंच पती’ हा शब्द आपण हसत हसत वापरतो. २०२३ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पुढे केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने त्यावर समिती नेमली. समित्यांच्या शिफारशी येतात-जातात. माझ्या मते सरपंच पतीच्या मुळाशी नवऱ्याचा स्वभाव जितका आहे तितकाच निवडणुकीचा खर्चही आहे. जोवर बाईच्या निवडणुकीचा पैसा बाईला माहीत नसलेल्या ठिकाणाहून येतोय, तोवर तिची सही कुणाची तरी हप्तेबंदीच राहणार. अडकलीच, तर चौकशीच्या नोटिशीवर नाव मात्र तिचं येणार. हे कुणी तिला सांगितलेलं असतं का?

मग करायचं काय? जगात याचं उत्तर शोधलेले लोक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २००९ साली नियम केला की बांधकाम व्यावसायिकांनी निवडणुकीत देणगी द्यायचीच नाही. कारण सरळ होतं. बांधकामाची परवानगी जे देणार, त्यांनाच परवानगी मागणाऱ्यांनी पैसे द्यायचे हे बरं दिसत नाही. एका बिल्डरने त्याविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१५ साली न्यायालयाने बंदी कायम ठेवली. न्यूयॉर्क शहरात २००७ च्या कायद्याने, शहराशी ज्यांचा कंत्राटाचा किंवा जमिनीचा व्यवहार आहे त्यांच्या देणगीवर फार कडक मर्यादा घातली. नगरसेवकाच्या उमेदवाराला ते २५० डॉलरपेक्षा जास्त देऊ शकत नाहीत आणि अशा लोकांची यादी सगळ्यांना बघायला खुली असते. तिथे सगळे संत आहेत असं नाही. पण देणारा आणि मागणारा एकच असेल तर ते उघड तरी व्हावं, एवढी व्यवस्था त्यांनी केली.

आपल्याकडे असा नियम ग्रामपंचायतीला लागू व्हायला हवा. ज्याचं बांधकाम, कंत्राट किंवा दाखला पंचायतीपुढे आहे, त्याने उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत. कुणी मदत केलीच असेल तर देणाऱ्याच्या नावासकट हिशेब पंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. तहसीलच्या कपाटात नको. पण हा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हात बांधून बसायचं का?

एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. दारूच्या दुकानांची गावात केवढी वट असते, ते सांगायला नको. कुठल्याही निवडणुकीत ‘ओली व्यवस्था’ त्यांचीच. तरी महाराष्ट्रातल्या बायकांनी गावोगाव ही दुकानं बंद पाडली आहेत. २००८ च्या शासन आदेशाने रस्ता करून दिला. गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी मागणी करायची, मतदान घ्यायचं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. दुकानदाराचा पैसा पंचायतीतल्या सात-नऊ जणांपर्यंत पोचू शकतो. हजारभर बायकांना गप्प करायला तो पुरत नाही. निर्णय जितक्या जास्त लोकांसमोर घ्याल, तितका तो विकत घ्यायला महाग पडतो. मला वाटतं, सगळ्या चर्चेचं सार या एका वाक्यात आहे.

मग हेच दाखल्यांच्या बाबतीत करू या. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्येच होते, सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं की सही करू नका. म्हणा, ‘सभा कुठाय ते सांगा, मी येते.’ आणि गेल्यावर चारच प्रश्न विचारा.

पहिला, गेल्या वर्षभरात किती ना-हरकत दाखले दिले, कुणाला आणि कशासाठी? दुसरा, मासिक सभेच्या इतिवृत्तात त्यांचे ठराव आहेत का, आणि सूचक-अनुमोदक कोण? तिसरा, नमुना ८ म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत किती नवी गोदामं चढली, आणि त्यातल्या किती बांधकामांना नियोजन प्राधिकरणाची परवानगी आहे? चौथा, रस्त्या-गटारांची कामं कुणाला दिली? सभेत उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. एकटीने करू नका. एकटी बाई ‘भांडकुदळ’ ठरते, बारा जणी गेल्या की तो बचत गट असतो.

बघा, या चारही प्रश्नांत ‘कुणी किती पैसे दिले’ असं कुठेही नाही. ते विचारून उपयोग नाही, कुणी सांगणार नाही आणि उगाच वैर येईल. गावात राहायचं असतं आपल्याला. पण दिलेला पैसा लपवता येतो, घेतलेला निर्णय फार काळ लपवता येत नाही. दाखल्याला तारीख असते, ठरावाला क्रमांक असतो, कामाला ठेकेदाराचं नाव असतं. हे एका वहीत ओळीने लिहायला लागा. दर महिन्याला, किराण्याचा हिशेब लिहितो तसं. वर्षभराने ती वही उघडा. तीच तीच नावं किती वेळा आली, ते मोजा. पावती न फाडलेली वर्गणी तिथे दिसायला लागेल.

वळसारख्या गावांत आणखी गोदामं उभी राहणार आहेत. त्यांना थोपवणं हा माझा मुद्दा नाही. त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला येणारी बाई कदाचित दुसऱ्या राज्यातली असेल, तिचं इथल्या यादीत नाव नसेल, तिच्या मताची कुणाला गरजही नसेल. तिच्यासाठी वर्गणी देणारं कुणी नाही. तिच्या डोक्यावरचा स्लॅब तपासला गेलाय का, हे सभेत उठून विचारणारी तरी कुणी असावी. तुमच्या गावची पुढची महिला सभा कधी आहे, हे आजच पंचायतीत फोन करून विचाराल?